उभ्या सुलभाताई

सुलभाताईंना बसलेलं मी कधी पाहिलं नाही. चहा उभ्याने, पेपर उभ्याने, कुणाकडे हळदीकुंकवाला गेल्या तरी दाराच्या चौकटीला टेकून उभ्या. "बसा हो जरा," म्हटलं की उत्तर ठरलेलं, "बसतील बसणारी. आपली ड्यूटी उभ्याची." उभ्या राहिल्या की पाय किंचित फाकलेले आणि एक हात वर, काहीतरी धरायला शोधत असलेला. आमच्या स्वयंपाकघरात फळीची कड धरून त्यांनी माझ्याशी तासन्‌तास गप्पा मारल्या आहेत. पायाखालची फरशी केव्हाही हलेल, अशा तयारीत ती बाई असायची. त्या निघून गेल्या की मलाच थोडा वेळ होडीतून उतरल्यासारखं वाटे.

त्या एसटीत कंडक्टर होत्या. रिटायर झाल्या, खाकी साडी कपाटात गेली, पण गाडी काही त्यांच्या अंगातून उतरली नाही. मी शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेली, साखरेची पेशंट आणि स्वभावाने जागेवरून न हलणारी. अशा माणसाला असा शेजार मिळावा, याला नशीब म्हणतात. आमच्या बिल्डिंगच्या पाठीमागे जांभ्या दगडाच्या गडग्याने वेढलेली एक सार्वजनिक बाग आहे. त्या गडग्याला लागून दोन खोल्यांच्या घरात सुलभाताई आणि त्यांचे यजमान दत्तारामभाऊ राहायचे. घराची खिडकी बागेत उघडायची.

एका थंडीत त्या बागेत मोठ्या माणसांसाठी व्यायामाची यंत्रं आली. निळी-पिवळी, चकचकीत, सगळ्यांना फुकट. फीत कापली, भाषणं झाली, पेढे वाटले आणि पाहुण्यांच्या गाड्या वळल्यावर बाग होती तशी सुनी झाली. आमच्या रत्नागिरीत फुकटच्या वस्तूकडे आधी संशयाने बघतात आणि मग तिचा आपल्याला हवा तसा उपयोग करून घेतात. चालायच्या यंत्राच्या दांड्यांवर गोधड्या वाळू लागल्या. आंब्याच्या दिवसांत कुणी आंबापोळीची ताटं सीटवर मांडली आणि कावळे हाकायला शेजारच्या सीटवर सासूबाईंना बसवलं. मीही संध्याकाळी वाऱ्याला जाऊन पाय ढकलायच्या यंत्रावर बसायचे आणि शेंगदाणे खायचे. पाठीला टेकू चांगला होता.

एक दिवस कानाजवळ टक टक झालं. सुलभाताई घराच्या किल्लीने यंत्राच्या नळीवर ठोकत उभ्या होत्या.

"बाई, उतरा."

"का हो?"

"ही बसायची सीट नाय. पाय ढकला, नायतर उतरा. मागं लाईन हाय."

मी मागे वळून पाहिलं. मागे एक कुत्रं होतं.

"कुठे आहे लाईन?"

"येईल. तुमी करताना दिसलात की येईल. रिकाम्या गाडीत कोण चढत नाय बाई, लोकांना वाटतं ही जायचीच नाय."

मला राग आला. पण चाळीस पोरांच्या वर्गाला गप्प करणारी मी, त्या किल्लीपुढे गप्प बसले आणि पाय ढकलू लागले. दुसऱ्या दिवशी सकाळी त्या दारात हजर. तिसऱ्या दिवशीही. मी वैतागून विचारलं, "तुम्हाला एवढी माणसं कशाला हवीत बागेत? नगरपालिका कमिशन देते का?"

त्यांनी वरचा हात खाली घेतला. हे क्वचित व्हायचं.

"ह्यांच्यासाठी," त्या म्हणाल्या.

दत्तारामभाऊ एसटीत ड्रायव्हर. नवराबायकोची एकाच गाडीवर ड्यूटी लागली की डेपोत थट्टेला ऊत यायचा. एसटीत छताजवळून दोरी जाते, ती ओढून कंडक्टर घंटी देतो. एक दिली की थांबा, दोन दिल्या की चला. "माझी डबल बेल पडल्याबिगर हे कधी हलले नाय," हे सुलभाताई लग्नाच्या फोटोपेक्षा जास्त अभिमानाने सांगायच्या. मग दत्तारामभाऊंना झटका आला आणि उजवी बाजू गेली. हात लोंबता, पाय ओढता. डॉक्टर म्हणाले, व्यायाम करा, पुष्कळ सुधारेल. घरात भिंत धरून ते चालायचे, पण उंबऱ्याबाहेर पाऊल टाकायला तयार नव्हते. दिवसभर खिडकीशी खुर्चीत.

त्यांचं गाव संगमेश्वराकडचं. शिमग्याला गावची पालखी घरोघर येते, तेव्हा मुंबईतली माणसंसुद्धा नोकरीला लाथ मारून पोचतात. दत्तारामभाऊंचा त्या वर्षीचा शिमगा चुकला. रिक्षाने न्यायचं म्हटलं तर म्हणाले, पार्सल हाय का मी? एसटीने म्हटलं तर तोंड भिंतीकडे. ज्या गाडीत आपण उडी मारून चढायचो, तिच्यात दोघांनी बगलेत धरून चढवायचं आणि डेपोतल्या पोरांनी ते बघायचं, त्यापेक्षा गाव नको, पालखी नको.

"येत्या शिमग्याला हे आपल्या पायानं एसटीत चढणार," सुलभाताई म्हणाल्या. "ष्टँडावर. सगळ्यांदेखत. पायरी चढायला ते पट्टी दाबायचं पायाचं यंत्र हाय, दांडा धरायला ते हाताचं चाक हाय. गडग्यापल्याड, फुकट. पण येतील तेव्हा ना! लोक बगतील म्हणतात. मी म्हटलं, भरलेल्या गाडीत कोण कुणाला बगतंय? एकटा पॅसेंजर असला की ड्रायव्हर, कंडक्टर, खिडकीबाहेरचा माणूस, सगळे त्यालाच बगतात. म्हणून गाडी भरायला पायजे, बाई."

त्यानंतर मी शेंगदाणे घेऊन बागेत गेले नाही.

त्यांनी गाडी भरली. कशी, ते बघितलेली आम्ही माणसं अजून दम खातो आहोत. शेवंता मासेवाली टोपली उतरवून घरी जाताना सापडली, तिला हाताच्या चाकाला लावलं. "आवो, दिसभर हातच चालवताव मी," ती म्हणाली. "मग आता उलटा फिरव," हे उत्तर. पोस्टातल्या एक वहिनी, दोन जावा, एक पेन्शनर, सगळी एकेक करून त्यांनी घरातून उचलून आणली. न आलेल्याच्या दारात जाऊन त्या उभ्या राहायच्या. बोलायच्या काही नाहीत, नुसत्या उभ्या. माणूस कुकर बंद करून यायचा.

बागेत त्यांचा कारभार एसटीचाच. किल्लीने नळीवर दोनदा ठोकलं की सगळ्यांनी पुढच्या यंत्रावर जायचं. "चला, पुढं सरका, मधे जागा हाय, दारात गर्दी नको!" बागेला तिथे दारच नव्हतं. चालायच्या यंत्रावर पाय जागच्या जागी पुढेमागे होतात, जात कुठेच नाही. ते त्यांना सहन व्हायचं नाही. म्हणून त्या शेजारी उभ्या राहून स्टॉप पुकारायच्या. "हातखंबा आलं. हातखंबावाले कोण? चला, आता चढ हाय, दम धरा." रोज तोच रस्ता, संगमेश्वराकडचा, आणि आवाज असा की गडग्यापलीकडच्या खिडकीत नीट पोचावा. त्यातलं इंगित मला माहीत होतं, इतरांना वाटायचं बाईला नोकरीची सवय गेली नाही.

एकदा पोस्टातल्या वहिनींशी वाद घालता घालता त्यांनी हातखंब्यावरून गाडी एकदम पुढे बावनदीला नेली. तोच खिडकीतून जाडाभरडा, थोडा लडबडलेला आवाज आला, "अगो, निवळी सोडलीस!"

सगळी बाग हसली. खिडकीचा पडदा सर्रकन ओढला गेला. सुलभाताई मात्र हसल्या नाहीत. त्या गडग्यापर्यंत गेल्या, परत आल्या, पुन्हा गेल्या. "बोलले," त्या मला म्हणाल्या. "चार माणसांत बोलले, बाई." आणि लगेच वहिनींवर खेकसल्या, "थांबलात कशाला? निवळीला काय जेवण हाय?"

गुणगान करायला बसलेली नाही मी. त्या बाईने आमचा जीव नकोसा केला. एकीची पाठ धरली तर म्हणे, "धरली तर सुटेल." दुसरी दोन दिवस माहेरी गेली तर परत आल्यावर तिची उलटतपासणी. स्वतःच्या पायांच्या शिरा दोरखंडासारख्या फुगलेल्या होत्या, त्यावर कुणी काही बोललं की विषय बदलत. कधी कधी आम्ही गेल्यावरही त्या एकट्याच एका यंत्राकडून दुसऱ्याकडे जायच्या, काही न करता नळ्यांवरून हात फिरवत. मी एकदा चिडून म्हटलं, "अहो, जरा स्वस्थ राहायला काय घ्याल?" त्या चक्क थांबल्या. "हात रिकामा राहिला की नको ते मनात येतं," म्हणाल्या. "हे खुर्चीतच राहिले तर? म्हणून मी हलत ऱ्हाते. मी थांबले तर आमच्या घरात हलणारं कोण उरलं?" मी घरी जाऊन उगाच भांडी लावत बसले.

पावसाळा आटोपला आणि खाऱ्या हवेने आपलं काम केलं. यंत्रं गंजली, हाताचं चाक फिरवलं की कोल्हेकुई. खिडकीतून पुन्हा आवाज आला, "बेरिंग सुकलं. ग्रीस मागा." सुलभाताई नगरपालिकेच्या कार्यालयात गेल्या, मला सोबत घेऊन. साहेब म्हणाले, बसा. त्या उभ्या. साहेब म्हणाले, अर्ज ठेवून जा. त्या टेबलाच्या कडेशी, साहेबांच्या खांद्यामागे, वरच्या पंख्याच्या दिशेने हात धरून उभ्या. साहेबांनी फाईल उघडली, मिटली, चष्मा पुसला. अखेर त्यांना ते असह्य झालं आणि त्यांनी फोन उचलला. बाहेर आल्यावर सुलभाताई म्हणाल्या, "बिनतिकिटाचा माणूस असाच असतो. त्याला काय बोलायचं नाय, नुसतं बाजूला उभं ऱ्हायचं."

माणूस आला, ग्रीस लागलं, चाक मुक्याने फिरू लागलं. आणि मग त्या खिडकीने मनावर घेतलं. दसऱ्याच्या आदल्या दिवशी दत्तारामभाऊ म्हणाले, "उद्या सण हाय. परवा येतो." बास, एवढंच. सुलभाताई धावत माझ्याकडे आल्या, सांगितलं आणि चहा न घेता धावत गेल्या.

आनंदाने माणूस चुकतो तसं काळजीने चुकत नाही. दसऱ्याला डेपोत गाड्या धुतात, हार घालतात, नारळ फोडतात. जिच्यावर पोट भरतं तिची पूजा. सुलभाताईंनी दसऱ्याला सगळी यंत्रं धुतली, पुसली, झेंडूचे हार घातले, नारळ वाढवला. आता गाडीला कुंकू लावायचं ते पुढे, चाकाला, स्टिअरिंगला. यंत्राचं पुढचं कुठलं? त्यांनी विचार केला, काम होतं कुठे, तर जिथे पाय ठेवतात तिथे. पाय ठेवायच्या प्रत्येक पट्टीवर त्यांनी ओल्या कुंकवाने सुबक स्वस्तिक काढलं. बाग अशी दिसत होती की लोक मुद्दाम बघायला आले, हात जोडून गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी सगळी वेळेवर आली आणि यंत्रांपुढे उभी राहिली.

"चला, चढा," सुलभाताईंनी किल्ली वाजवली.

कुणी हललं नाही. शेवंताच शेवटी बोलली, "पाय कसा ठेवायचा वो ताई? सातियावर?"

"गाडीची पूजा करून गाडीत चढतोच ना आपण?"

"गाडीत चढताव, पण कुंकवावर पाय देऊन नाय चढत."

"मग पुसा!" पेन्शनर म्हणाले.

हे बोलल्याबरोबर सगळ्या बायका सुलभाताईंकडे बघायला लागल्या आणि सुलभाताई खाली. दसऱ्याचं कुंकू, सवाष्णीने लावलेलं, आणि नवरा घरात असा. ते पुसायचं कुणी? मी देवाधर्माची फारशी नाही. मी पदर खोचून पुढे झाले, पट्टीपर्यंत वाकले, आणि खरं सांगते, माझाही हात धजला नाही. जावा निघाल्या. वहिनींना ऑफिस होतं. बाकीची गडग्याबाहेर जाऊन रस्त्यावर घुटमळत उभी राहिली. इतके महिने जमवलेली गाडी एका मिनिटात रिकामी झाली, आणि नेमक्या त्याच वेळी घराचं दार वाजलं.

दत्तारामभाऊ काठी टेकत, पाय ओढत, भिंत संपल्यावर गडगा धरत आले. नवा शर्ट घातला होता. बटणं खालीवर लागली होती. त्यांनी रिकामी बाग बघितली, गडग्यापलीकडची तोंडं बघितली. सुलभाताई त्यांच्याकडे गेल्या. इकडचा हात धरू की तिकडचा, अशी त्यांची तारांबळ, आणि तोंडाने एकसारखं, "आज नको. उद्या येऊ. माझंच चुकलं, घरी चला, आज नको."

"उगी ऱ्हा जरा," ते म्हणाले.

पायाच्या यंत्रापाशी जाऊन त्यांनी स्वस्तिक बघितलं. डाव्या हाताने दांडा धरला. चप्पल काढली. मग रस्त्यावरच्या सगळ्यांना ऐकू जाईल असं, शब्द जुळवत म्हणाले, "हा उजवा पाय माझा नाय. हा मेलेला हाय. मेलेल्याला पाप लागत नाय." आणि छाती दांड्याला टेकवून, डाव्या हाताने गुडघ्याखाली धरून त्यांनी तो पाय उचलला आणि कुंकवावर ठेवला.

पट्टी हलली. एकदा खाली, एकदा वर. ते थरथरत होते, घाम कपाळावरून डोळ्यांत जात होता, आणि सगळे, अगदी सगळे, त्यांच्याकडे बघत होते. भरलेल्या गाडीची एवढी तयारी केली आणि माणूस चढला तो रिकाम्या गाडीत. उतरले तेव्हा तळव्याला कुंकू लागलं होतं. सुलभाताईंनी खाली वाकून तो तळवा बघितला. पुसला नाही. त्यांना रडताना मी तेव्हाच पाहिलं, तेही उभ्याने.

"घेतलं गो बाय देवानं," म्हणत शेवंता आत आली आणि पट्टीला हात लावून, तो कपाळाला लावून, यंत्रावर चढली. मग बाकीची आली.

पुढचे महिने कसे गेले ते सांगण्यासारखं काही नाही. रोज तेच. पाय थोडा उचलायला लागला. हात मात्र हट्टी. चाकावर बांधून फिरवला तर फिरे, सोडला की खांद्याखाली लोंबे. सुलभाताई स्टॉप पुकारायच्या, दत्तारामभाऊ चुका काढायचे, आणि माझी साखर माझ्या मनाविरुद्ध कमी आली.

शिमग्याला मी त्यांना पोचवायला स्टँडवर गेले. साधी लाल गाडी लागलेली होती, फाग पंचमीनंतरची गर्दी, गाठोडी, मुंबईकरांची पोरं. डेपोतली माणसं नेमकी चहा पीत बाहेर होती आणि सगळी बघत होती. भरल्या गाडीतही माणसं बघतात, हे मला त्या दिवशी कळलं. दत्तारामभाऊंनी डावा पाय पायरीवर टाकला, डाव्या हाताने दांडा धरला, उजवा पाय वर ओढून घेतला. मग दुसरी पायरी. सुलभाताई मागे होत्या. दोन्ही हात पुढे केलेले, पण पाठीपासून वीतभर लांब. लावले नाहीत. ते आत गेले. खाली कुणीतरी शिट्टी मारली. त्यांना दारामागची सीट मिळाली, खिडकीची.

मी बाहेर खिडकीशी उभी होते. गाडी भरली. कंडक्टर तरुण होता, सुलभाताईंना ओळखणारा. तो म्हणाला, "मावशी, बेल तुम्हीच मारा आज." सुलभाताईंचा हात सवयीने दोरीकडे गेला आणि तिथेच थांबला. त्या नवऱ्याकडे बघायला लागल्या.

"मी?" दत्तारामभाऊ म्हणाले. "ड्रायव्हर कधी बेल मारतो काय?"

त्यांनी हात खाली घेतला. ते समोरच्या सीटचा दांडा डाव्या हातात धरून उठले. मला वाटलं, आता तोल सावरून डाव्यानेच ओढतील. पण उजवा हात मांडीवरून निघाला. छातीपर्यंत आला, खांद्याशी अडला. सुलभाताईंचे हात साडीच्या काठात घट्ट रुतलेले मला खिडकीतून दिसत होते. हात आणखी वर गेला, बोटं दोरीला लागली, आणि घंटी वाजली.

एक.

एक म्हणजे थांबा. ड्रायव्हरने इंजिन चालू ठेवून आरशात बघितलं. मागून कुणी ओरडलं, "काय झालं वो?" तरुण कंडक्टरने दोरीकडे हात नेला, तो सुलभाताईंनी मनगटाला धरून खाली ओढला. सगळी गाडी थांबून राहिली. आयुष्यभर जी बाई लोकांना पुढे सरका म्हणत आली, ती हलत नव्हती. वरचा हात नाही, पाय फाकलेले नाहीत, नुसती दोन्ही पाय जुळवून उभी होती.

दुसरी घंटी वाजली. ड्रायव्हरने गियर टाकला.

ती दोघं गावीच राहिली. बागेत हल्ली शेवंता किल्ली वाजवते. निवळी ती कधीच सोडत नाही.